ओठ दिसतील अशी जागा

माझे वडील बहिरे झाले ते देवाच्या इच्छेने नाही. लूममुळे झाले. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या मंडळीतली माणसं ही गोष्ट सांगताना सुरुवात नेहमी दुसरीकडूनच करतात.

आबा गुजरातेत, कतारगामच्या एका कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. मी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे आणि पाळी बदलताना कारखान्यांच्या दारात उभी राहून वाटायचे. त्यामुळे त्यांचा कारखाना मी दारातून पुष्कळदा पाहिलाय. आत पाय टाकला की आवाज कानाच्या आधी छातीत शिरायचा. आणि त्या आवाजात माणसं हसत असायची, भांडत असायची, एकमेकांना चिडवत असायची, पण त्यातलं एक अक्षर बाहेर यायचं नाही. लूमवरची माणसं ओठ वाचतात. हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. धाग्याची तार तुटली, चहा आला, शेठ आला, तुझी बायको माहेरी पळाली का रे, सगळं ओठांवर आणि बोटांवर. आबा यात पटाईत. चार लूमपलीकडचा माणूस काय पुटपुटला ते सांगायचे.

मग हळूहळू घरीही तसंच व्हायला लागलं. आबा भाजीत मीठ जास्त झालंय हे एवढ्या मोठ्याने सांगायचे की वरच्या मजल्यावरची गुजराती बाई खिडकीतून विचारायची, "झगडो थयो के?" मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. समोर आलं की मात्र सगळं समजायचं. त्यामुळे आम्हाला कळायलाच फार उशीर झाला. आम्हाला वाटायचं, ते लक्ष देत नाहीत.

संघटनेतर्फे मी कानांवर पत्रक लिहिलं. कामगाराचे हात विकत घेतले म्हणून त्याचे कानही फुकटात मिळाले का, असा मथळा होता. शेठने ते मुकादमाकडून वाचून घेतलं आणि आबांना बोलावून म्हणाला, "तुम्हारी लड़की को बोलो, कान में डालने की रूई मैं दूँगा." आबांना ऐकू काही आलं नाही. त्यांनी ओठ वाचले आणि हसले. घरी येऊन मला सांगतानाही हसत होते. मला त्यांच्या हसण्याचाच राग आला.

आमचं मूळ गाव नवापूरकडे. गावाकडूनच आम्ही प्रभूचे, ख्रिस्ती. कोसाडच्या वसाहतीत आमच्यासारखी बरीच घरं होती, लूमवाली, रंगखात्यातली, काही उसाच्या हंगामापुरती चलथाणकडे जाणारी. आमची मंडळी म्हणजे एका विश्वासू भावाची तळमजल्यावरची खोली. भिंतीला लागून कपाट, वर पंखा, खाली सतरंज्या. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पाळकसाहेब सायकलवरून यायचे, घाम पुसायचे आणि मान खाली घालून पवित्र शास्त्रात बघत बघत बोलायचे. चांगला माणूस. पण बोलताना मान कधी वर नाही.

आबा तिथे ढोलकी वाजवायचे आणि गाणं सुरू करायचे. तो त्यांचा मान होता. गावाकडून आलेली गाणी, आमच्या चालीवरची. पण नंतर नंतर काय व्हायचं, सगळ्यांचं कडवं संपलं तरी आबांचं चालू असायचं. खोली गप्प झालेली आणि आबा एकटेच डोळे मिटून पुढे. पोरं खुदखुदायची. आबा डोळे उघडायचे, बघायचे आणि ढोलकीवर हात ठेवून थांबायचे. एका रविवारी त्यांनी ढोलकी कपाटापाशी ठेवली आणि दुसऱ्या कुणीतरी गाणं उचललं. 

माझंही सांगते. मी त्या वेळी प्रार्थनेत डोळे मिटायचे, पण आत पुढच्या पत्रकाची वाक्यं जुळवत असायचे. देवाशी माझं भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं.

अशात बाहेरून एक प्रचारक आले. उपासप्रार्थनेची सभा ठेवली. आजाऱ्यांना पुढे बोलावलं. मायने आबांना कोपराने ढकललं. मी म्हटलं, "माय, कानाच्या डॉक्टरकडे आपण अजून गेलोच नाही." माय म्हणाली, "डॉक्टर काय पळी जातीन का?" आबा पुढे जाऊन गुडघ्यावर बसले. प्रचारकांनी त्यांच्या दोन्ही कानांत बोटं घातली, मोठ्याने प्रार्थना केली, बोटं काढली आणि आबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "काका, ऐकू येतं का?"

आबा म्हणाले, "हो."

खोली दणाणली. हात वर झाले, हालेलुया झाला, बायका रडायला लागल्या, माय सगळ्यांत आधी. आणि मी बघत राहिले, कारण मला दिसत होतं काय झालं ते. आबांनी ओठ वाचले होते. लूमवर कुणी काही विचारलं आणि कळलं की मान हलवायची, हो म्हणायचं. जन्मभराच्या सवयीने ते हो म्हणाले होते. नंतर स्वतः आबाच मला म्हणाले, "त्यानं इचारं, माले समजनं, मी हो म्हनं." एवढंच. पण सभेत तोवर त्यांच्या हातात ढोलकी आली होती आणि माणसं गात होती. आबांनी ताल धरला. तो चुकत होता. आनंदात कुणाला कळलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. त्या खोलीत अर्धे पुरुष लूमवाले. ओठ वाचणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक. एकानेही प्रचारकांना बाजूला घेऊन सांगू नये? त्या रविवारी हा प्रश्न मी मनात पक्का करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोठी सभा. मांडव, ध्वनिक्षेपक, आजूबाजूच्या वसाहतींतली माणसं. आबांना साक्ष द्यायला वर घेतलं. आबा लोकांकडे तोंड करून उभे, प्रचारक त्यांच्या मागे. ते मागून म्हणाले, "काका, प्रभूने काय केलं ते सांगा." आबा उभेच. "सांगा काका, घाबरू नका." आबा लोकांकडे बघत हसले. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग मांडवात ती कुजबुज पसरली, आबांना न ऐकू येणारी पण दिसणारी. प्रचारक पुढे आले आणि लोकांना समजावल्यासारखं बोलले. विश्वासाने मिळालेलं माणूस संशयाने घालवतो, काकांचा विश्वास कमी पडला, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. हे बोलताना त्यांचं तोंड नेमकं आबांकडे वळलेलं होतं. शब्द न् शब्द आबांनी वाचला.

त्यानंतर आबा सभेला आले नाहीत.

कामाला जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. रविवारी शर्ट घालायचे नाहीत. मी म्हणायचे, "आबा, चला." ते म्हणायचे, "कसाले? माले काय ऐकू येस?" माय म्हणायची, तिथे सगळे वाट बघतात. मग एकदाच ते खरं बोलले. "देवना घरमा मी खोटं बोलनू."

मी समजावलं. खोटं कसं? तुम्हाला समजलं, तुम्ही उत्तर दिलंत. खोटं तर तो बोलला, विश्वास कमी पडला म्हणून. कान कशाने गेले ते त्याने कारखान्यात येऊन बघावं. मी पत्रकासारखी बोलत सुटले. आबांनी डोळे मिटले. बहिऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तो डोळे मिटतो आणि संपलं.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती जेवणाची. आमच्या घरी ताट वाढलं की आबा आशीर्वाद मागायचे, मोठ्याने, ऐकू येईनासं झाल्यापासून तर वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा. आता ताट पुढे आलं की ते सरळ भाकरी मोडायचे. माय पदर डोक्यावर घेऊन थांबलेली असायची. तिचा पदर तसाच, आणि आबांचा पहिला घास तोंडात. मला वाटलं नव्हतं मला त्याचं काही वाटेल. मी तर तेव्हा जोडणीच करत बसायचे वाक्यांची. पण दुसऱ्याचा विश्वास घरात आहे तोवर आपला नसला तरी चालतं, असं काहीतरी मी धरून चालले होते बहुतेक. आबांचा आटला तेव्हा कळलं की मीही त्यांच्याच हंड्यातलं पीत होते.

तेव्हा मी ठरवलं, शेवटचं जायचं आणि बोलून बाहेर पडायचं. रविवारी साक्षीच्या वेळी उभी राहिले. म्हटलं, "मला साक्ष नाही द्यायची, विचारायचंय. माझ्या बापाचा विश्वास कमी पडला असं भर मांडवात सांगितलं गेलं. तुम्ही सगळे होतात. विश्वास मोजायचं माप कुणाकडे आहे ते मला दाखवा. आणि लूमवाल्या काकांनो, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तोंडं का शिवून बसलात?"

पाळकसाहेब मान खाली घालूनच म्हणाले, "ताई, बसा. आपण प्रेमाने बोलू."

"प्रेमानेच विचारतेय. मोठ्याने."

बायकांच्या बाजूने एक मावशी बोलली. ती घरी बसून साड्यांचे मागचे लोंबते धागे कापायची, तिच्या पदराला कायम रंगीत तुकडे चिकटलेले असायचे. विधवा, एकटी, तोंडाने फटकळ. म्हणाली, "पोरी, ओरडू नकोस, आधीच इथे कानाचे वांधे आहेत." माणसं हसली. मीसुद्धा रागात हसले. मग ती म्हणाली, "शास्त्रातला तो खाटेवरचा लुळा माणूस आठवतो का? दोस्तांनी छपरातून खाली सोडला तो? त्याला प्रभूने विचारलं का, तुझा विश्वास किती? नाही विचारलं. त्याने वर बघितलं, दोर धरणाऱ्यांकडे. त्यांचा विश्वास बघितला आणि याला बरं केलं. ज्याचं छप्पर फोडलं तो घरमालक काय बोलला असेल ते मात्र कुणी लिहिलं नाही. आमच्या घरमालकाने तर पोलीस बोलावले असते." परत हसू. "तुझ्या बापाचा कमी पडला ना? पडू दे. आमचा आहे. तो दोर धरायला आम्ही आहोत. त्याच्याकडे गेलो नाही ते आमचं चुकलं."

मी बसले. उत्तर होतं, पण माझा राग त्याने गेला नाही. बोलायला काय जातं, असं वाटलं.

मग शेवटची प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले. मी हट्टाने मिटले नाहीत. आणि म्हणून मला दिसलं.

पुरुषांच्या बाजूला पुढची सगळी रांग डोळे उघडे ठेवून बसली होती. लूमवाले सगळे. माना पुढे काढून पाळकसाहेबांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. पाळकसाहेबांनी हनुवटी छातीला लावली की ते वाकायचे. हे लोक पुढे बसण्यासाठी लवकर येतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मला वाटायचं, भक्ती. आमेन झालं तेव्हा त्या रांगेने आमेन म्हटलं ते बाकीच्यांच्या मागून, दुसऱ्यांचे ओठ हलल्यावर.

बाहेर चपला घालताना मी एका काकांचा हात धरला. हे काका आबांच्या शेजारच्याच लूमवर होते, आबांचे जुने जोडीदार. त्यांच्या तोंडासमोर उभं राहून विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येतं?"

ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "येतं ना. समोर बोललं की."

"मागून?"

काका चपलेचा पट्टा ओढत राहिले.

"आणि बाकीच्यांना?"

"कुणाला थोडं, कुणाला काहीच नाही. बोलायचं कशाला? शेठला कळलं तर कामावरून काढेल. तुझं पत्रक वाचूनच मुकादम मागून टाळ्या वाजवून बघत होता आमच्या, कोण वळतो कोण नाही."

ते पत्रक मीच दारात वाटलं होतं. पण विचारलंच, "मग सभेला कशाला येता? साहेब मान वर करत नाहीत. तुम्हाला वचनातलं अर्धंही कळत नसेल."

काका हसले. "अर्धं? पाव म्हण." मग त्यांनी खोलीकडे बोट केलं. आत बायका सतरंज्या झटकत होत्या, मावशी कुणाला तरी दम देत होती. "हे सगळे दिसतात ना. आठवडाभर एकटा असलो की मला वाटतं, हे खरं आहे का नाही. इथे आलो की बघतो. ती मावशी, नवरा गेला, पोर गेलं, आणि कशी तोंड भरून गाते. ऐकायला लागत नाही ते. तुझा बाप ढोलकी वाजवताना डोळे मिटायचा ना, मी त्याच्याकडे बघून बसायचो. त्याला माहीत नव्हतं."

"त्याला सांगा हे."

"सांगायला गेलो होतो. डोळे मिटतो."

मी म्हटलं, माझ्यासमोरही मिटतात. काकांच्या चेहऱ्यावर लबाड हसू आलं. "घरी मिटतो. लूमवर कसा मिटेल? शटल उडून तोंडावर येईल."

पुढचं मी पाहिलं नाही, काकांनी सांगितलं. त्या आठवड्यात पाळीभर ते आपल्या लूमवरून आबांशी बोलत राहिले, त्या आवाजात, ओठांनी. आबांनी पाठ फिरवली तर दुसऱ्या बाजूचा लूमवाला सुरू करायचा. तोही आमच्याच मंडळीतला. त्यालाही ऐकू येत नव्हतं, हे त्याने आबांना तिथेच पहिल्यांदा सांगितलं. आबांना लूम सोडून जाता येईना आणि डोळे मिटता येईनात. शेवटी वैतागून त्यांनी काकांना ओठांनीच विचारलं, "तू बी?" काकांनी मान हलवली. "कधीपासून?" काकांनी हाताने उडवून लावलं, असं जुनं. "आनी मी गात होतू तवय?" तेव्हाही, काका म्हणाले. तेव्हाही मी ऐकत नव्हतो, बघत होतो.

आबांची तार तुटली आणि ती जोडायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, असं काका म्हणाले.

रविवारी आबांनी शर्ट घातला.  खोलीत आल्यावर ते पुढच्या रांगेत बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून, मंडळीकडे तोंड करून, पाळकसाहेबांच्या बाजूला बसले. मावशी म्हणाली, "अरे वा, आता हे उपदेश करणार." आबांनी ते वाचलं आणि त्या मांडवानंतर पहिल्यांदा हसले.

साक्षीच्या वेळी ते उठले. आवाज कुठे ठेवायचा ते कळत नसल्याने खूप मोठा झाला. म्हणाले, "माझे कान बरे झाले नाहीत. मी हो म्हणालो ते चुकलं. एवढंच." बसले. खोलीत कुणी हालेलुया म्हटलं नाही. बरं झालं. पाळकसाहेबांनी मान वर केली. आबांच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून, सावकाश म्हणाले, "माझंही चुकलं." मग मावशीने गाणं उचललं आणि आबांनी तिच्या ओठांकडे बघत ढोलकी घेतली. कडवं संपलं तेव्हा आबा सगळ्यांबरोबर थांबले.

पण हे लिहून मी गोष्ट गोड करणार नाही. कान बरे झाले नाहीत, पुढेही होणार नाहीत. ते सगळे अजून त्याच आवाजात उभे आहेत आणि मी कानांवर दुसरं पत्रक काढू शकलेले नाही, कारण मुकादम पुन्हा टाळ्या वाजवेल. पत्रक न काढता कुणाचं भलं कसं करतात हे मला येत नाही. प्रचारक कुठेतरी दुसऱ्या मांडवात तेच वाक्य बोलत असतील. पाळकसाहेबांची मान आठवण केली की वर येते, विसरले की पुन्हा छातीवर. रात्री अंथरुणावर मी अजून विचारते, दोर धरणारे इतके होते तर खाट खाली का आली नाही? 

त्या रविवारी घरी जेवायला बसलो. मायने पदर घेतला आणि थांबली. आबांनी भाकरीला हात लावला नाही. मला वाटलं, आता ते मागतील, वरची बाई खिडकी आपटेल. ते माझ्याकडे बघत होते.

"तू माग," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला येत नाही. ते ओठ त्यांनी वाचले, आणि वाचून न वाचल्यासारखं केलं. मी मान खाली घातली, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. आबांनी हनुवटीखाली बोट घालून माझी मान वर केली.

"डोया उघड. तोंड दिखू दे माले."

कारखान्यांच्या दारात घोषणा देणारी मी. शेठसमोर आवाज चढवणारी. आणि आबांच्या उघड्या डोळ्यांत बघून एक साधं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. भाकरी गार होत होती. माय पदराआडून बघत होती.

"प्रभू," मी म्हटलं, ओठ नीट हलवत, "आम्हाला..." आणि पुढे काय मागावं ते मला खरंच कळलं नाही. आबा वाट बघत होते. लूमवर समोरच्याच्या ओठांकडे बघतात तसे, पापणी न पाडता.

"आम्हाला धर," मी म्हटलं.

"आमेन," आबा ओरडले. वरून बाईचा आवाज आला, "काका, धीमे!" आबांनी भाकरी मोडली.